तोफेचा कान आणि मेण : आग्नेय शस्त्रांच्या पर्जन्यरक्षणाची परिभाषा

रामचंद्रपंत अमात्य यांची कृती म्हणून मान्य झालेले आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या नावे निघाले. ते राजनीतीचा ग्रंथ म्हणून किंवा मराठी गद्याचा नमुना म्हणून बहुधा वाचले जाते. त्यातील दुर्गांविषयीच्या प्रकरणात पावसाळ्याच्या व्यवस्थेची काही थोडी वाक्ये आहेत. पर्जन्यकाळी तोफांना आणि दरवाजांना तेल व मेण द्यावे, तोफांचे काने मेणाने बुजवावे, वर आच्छादने घालावी आणि त्या ‘जाया’ होणार नाहीत अशी तजवीज करावी, असा त्यांचा आशय आहे. त्याच प्रकरणात दारूच्या कोठाराला ‘सरदी’ पोचू देऊ नये, असेही बजावलेले आहे.

ही वाक्ये वाचताना आजचा वाचक सहसा थांबत नाही. तेल, मेण, कान, दारू, सरदी हे सर्व शब्द त्याच्या परिचयाचे असतात. परंतु अडचण नेमकी येथेच आहे. अपरिचित शब्द वाचकाला कोशाकडे नेतो. परिचित शब्द मात्र अर्थ बदललेला असला तरी बिनचौकशी पुढे जाऊ देतो. विसाव्या शतकाच्या आरंभी रूडॉल्फ मेरिंगर, ह्यूगो शूखार्ट प्रभृती अभ्यासकांनी ‘शब्द आणि वस्तू’ या नावाने जी अभ्यासदिशा रूढ केली, तिचे मुख्य सूत्र असे होते की, वस्तूची रचना व तिचा वापर जाणल्यावाचून शब्दाचा इतिहास लिहिता येत नाही. या दिशेचे नियतकालिक १९०९ साली सुरू झाले. आज्ञापत्रातील पर्जन्यरक्षणाच्या वाक्यांना हे सूत्र लावून पाहिले असता असे दिसते की, ‘पाण्यापासून शस्त्रांचे रक्षण करावे’ एवढाच त्यांचा सारांश काढणे म्हणजे त्यांतील ज्ञान गमावणे होय. तेथे एकच उपाय चार शब्दांत सांगितलेला नसून, चार निरनिराळ्या अपायांवर चार निरनिराळे उपाय सांगितलेले आहेत.

१. लोखंड आणि दमट हवा

लोखंड गंजते म्हणजे काय होते, हे प्रथम पाहिले पाहिजे. लोखंड, पाणी व हवेतील प्राणवायू ही तिन्ही एकत्र आली म्हणजे धातूच्या पृष्ठावर सूक्ष्म विद्युत्-रासायनिक क्रिया सुरू होते. पृष्ठाच्या एका भागातून लोखंड विरघळते, शेजारच्या भागात प्राणवायूचे क्षपण होते आणि या दोहोंच्या संयोगातून तांबूस गंज तयार होतो. या क्रियेसाठी पावसाचे पाणी प्रत्यक्ष अंगावर पडण्याची गरज नसते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली की, डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ थर गंजण्याची क्रिया चालू ठेवण्यास पुरेसा होतो. कोकणात व सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात ही आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. म्हणजे छपराखाली ठेवलेली तोफही या ऋतूत सुरक्षित नसते.

गंजाचा दुसरा दोष असा की, तो मूळ धातूपेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो, भुसभुशीत असतो आणि ओलावा धरून ठेवतो. म्हणून गंजलेला भाग उरलेल्या लोखंडाचे रक्षण करीत नाही. उलट त्याचा नाश लवकर घडवून आणतो. काशासारख्या मिश्रधातूची गोष्ट वेगळी आहे. विजापूरची ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ १५४९ साली ओतली गेली. तिच्यात सुमारे चार भाग तांबे व एक भाग कथील आहे. साडेचार शतकांहून अधिक काळ उघड्यावर राहूनही ती टिकली, कारण तांब्याच्या मिश्रधातूवर जो थर जमतो तो पुष्कळसा घट्ट असून आतील धातूला झाकतो. लोखंडी तोफेला असे नैसर्गिक कवच नाही. ते तिला बाहेरून द्यावे लागते.

मराठीने हा भेद शब्दांतही राखला आहे. लोखंड ‘गंजते’; पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात ठेवलेले ताक ‘कळकते’. पहिल्या क्रियापदाचा कर्ता धातू आहे, दुसऱ्याचा कर्ता त्या धातूच्या संसर्गाने बिघडलेला पदार्थ आहे. लोखंडाच्या बाबतीत खुद्द वस्तूच नष्ट होते, तर तांब्या-पितळेच्या बाबतीत वस्तू राहते आणि तिच्यातील अन्न बिघडते, हा गृहिणीचा रोजचा अनुभव या दोन क्रियापदांत साठलेला आहे.

२. चार उपाय

तेल हा पहिला उपाय होय. तेल पातळ असल्यामुळे सांध्यांत व चिरांत शिरते. लोखंडी तोफा दोन प्रकारच्या असत : ओतीव आणि घडीव. घडीव तोफेत लोखंडाच्या लांब पट्ट्या एकमेकींशेजारी ठेवून त्यांवर तापवलेली कडी चढवीत. कडी निवताना आवळली जात आणि पट्ट्यांना घट्ट धरीत. अशा तोफेच्या अंगावर सांधेच सांधे असतात व त्यांत पाणी जाऊन बसते. तेथे घट्ट लेप पोचत नाही, तेल पोचते. परंतु तेलाचा दोष असा की, ते ओघळते आणि सततच्या पावसात धुऊन जाते.

म्हणून मेण हा दुसरा उपाय. मेण पाण्यात विरघळत नाही, ओघळत नाही आणि पृष्ठाला चिकटून राहते. मात्र ते एकटे वापरल्यास ठिसूळपणामुळे त्याला चिरा पडतात व सूक्ष्म सांध्यांत ते शिरत नाही. तेल व मेण एकत्र आले म्हणजे एकाची उणीव दुसरे भरून काढते. आज्ञापत्रात तोफांच्या बरोबर दरवाजांचाही उल्लेख येतो, तो याच कारणाने अर्थपूर्ण ठरतो. किल्ल्याच्या दरवाजात लाकूड आणि लोखंडी खिळे व पट्ट्या यांचा संयोग असतो. ओले लाकूड लोखंडाला गंजवते आणि फुगून सांधे ढिले करते. तेलमेणाने या दोन्ही वस्तूंचे रक्षण होते.

तिसरा उपाय कान बुजवण्याचा. मराठीने तोफेला मनुष्यदेहाची अंगे दिली आहेत. तिचे पुढचे छिद्र ते तोंड. मागील जाड भागावर, वरच्या बाजूस असलेले बारीक छिद्र तो कान. या कानात रंजक, म्हणजे बारीक पेटती दारू, भरून तिला बत्ती लावीत व त्या वाटेने अग्नी आतील बारापर्यंत पोचे. कान हा तोफेच्या सर्वांत वरच्या बाजूस आणि थेट दारूच्या जागेवर उघडणारा असल्यामुळे पावसाचे पाणी नेमके तेथूनच आत उतरते. आत उतरलेले पाणी बाहेरून दिसत नाही, लवकर सुकत नाही आणि ज्या भागावर स्फोटाचा सर्वाधिक दाब यायचा त्याच भागाला आतून खाते. बाहेरून गंजलेली तोफ कुरूप दिसते, आतून गंजलेली तोफ फुटून गोलंदाजाचा जीव घेते.

येथे मेणाचीच योजना का, याचेही उत्तर वस्तूच्या स्वरूपात आहे. शत्रूच्या हाती पडू पाहणारी तोफ निकामी करावयाची असली, तर तिच्या कानात लोखंडी खिळा ठोकीत. म्हणजे कान बंद करणे हे तोफ मारण्याचेही साधन होते आणि राखण्याचेही. फरक होता तो बुजवण्याच्या पदार्थात. मेण छिद्राला चपखल बसते, पाणी येऊ देत नाही आणि प्रसंग पडताच टोच्याने क्षणात उकरून काढता येते. पावसाळ्यात किल्ल्यावर हल्ला होणारच नाही असे गृहीत धरता येत नसे. म्हणून रक्षण असे हवे होते की, जे शस्त्राला अडवून ठेवणार नाही.

चौथा उपाय आच्छादनाचा. त्याचे काम पाऊस अडवण्याचे असले, तरी ते हवाबंद असता कामा नये. घट्ट गुंडाळलेल्या शस्त्राभोवती ओलावा कोंडून राहतो आणि रात्री धातू थंड झाला की, त्याच ओलाव्याचे दव त्याच्यावर जमते. वरून आडोसा आणि बाजूंनी वारा, ही आच्छादनाची योग्य रीत होय. आजही बंदूक दीर्घकाळ कातडी म्यानात ठेवू नये असे सांगतात. कातडे ओलावा शोषून घेते आणि कमावण्याच्या क्रियेतील क्षार त्यात उरलेले असल्यास ते धातूच्या निकट राहतात.

३. दारू आणि सरदी

तोफ सुरक्षित असली तरी तिचे खाद्य ओले झाले, तर ती निरुपयोगी ठरते. आज्ञापत्रातील ‘दारू’ ही बंदुकीची दारू आहे. फारसी भाषेत या शब्दाचा मूळ अर्थ औषध असा असून, मराठीत तो स्फोटक चूर्ण व मद्य या दोन्ही अर्थांनी रुजला. ‘सरदी’ हा शब्दही फारसीतील थंड या अर्थाच्या विशेषणापासून आलेला आहे. आज तो पडशासाठी वापरला जातो. आज्ञापत्रात मात्र त्याचा अर्थ दमटपणा असा आहे. या दोन शब्दांचे आजचे अर्थ घेऊन जो वाचक दारूखान्याचे वर्णन वाचील, त्याची कशी फजिती होईल हे सांगावयास नको.

काळ्या दारूत सामान्यतः ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असते. तिघांपैकी गंधकाला पाण्याचे भय नाही. भय आहे ते सोऱ्याला. शुद्ध सोरा हवेतील ओलावा सहजासहजी घेत नाही. परंतु मातीतून काढलेल्या कच्च्या सोऱ्यात साधे मीठ आणि चुन्याचे नत्रित मिसळलेले असते. हे क्षार बऱ्याच कमी आर्द्रतेतही पाणी ओढून घेतात व स्वतः पाझरू लागतात. म्हणून सोरा पुनःपुन्हा उकळून व थंड करून त्याचे खडे पाडण्याच्या कौशल्यावर दारूची पावसाळ्यातील टिकाऊ शक्ती अवलंबून असते.

एकदा पुरती भिजलेली दारू वाळवून पूर्ववत् होत नाही. पाण्यात सोरा विरघळतो आणि पाणी सुकताना तो कणांच्या पृष्ठभागी येऊन वेगळा साचतो. कोळसा, गंधक व सोरा यांचा जो घनिष्ठ मिलाफ कुटून साधलेला असतो तो मोडतो. वजन तेवढेच, पदार्थ तेच, परंतु दारू मंद झालेली असते. हे लक्षात घेतले म्हणजे आज्ञापत्रातील व्यवस्थेचा क्रम उलगडतो. दारू तळघरात, पण जमिनीला न टेकता माचावर ठेवावी. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने ती बाहेर काढून तिला उष्ण द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावी, असे तेथे सांगितले आहे. ‘उष्ण देणे’ म्हणजे तापवणे नव्हे, उन्हे देणे होय. ओलावा अल्प असतानाच तो घालवला पाहिजे, कारण तो वाढल्यावर उपाय उरत नाही. म्हणूनच मुदत महिन्यांची नाही, दिवसांची आहे. मुद्रा करण्याच्या अटीमुळे उघडझाक कोणी व केव्हा केली याचा जबाबही राहतो.

या सावधगिरीचे मोल २३ जून १७५७ रोजी प्लासी येथे दिसले. दुपारी जोराचा पाऊस आला. क्लाइव्हच्या सैन्याने आपला दारूगोळा मेणकापडासारख्या जाड डांबरी कापडाने झाकला. नवाबाच्या गोलंदाजांची दारू भिजली. इंग्रजांच्याही तोफा बंद पडल्या असतील या समजुतीने नवाबाच्या बाजूने चाल झाली आणि ती तोफांच्या माऱ्यापुढे मोडली. त्या लढाईचा निकाल लावण्यात फितुरीचा वाटा मोठा होता हे खरेच. तथापि त्या दिवशी एका आच्छादनाचे असणे व नसणे किती महाग पडले, हेही तितकेच खरे. अशा कापडाला मराठीत पुढे ‘ताडपत्री’ हे नाव मिळाले. इंग्रजी टारपॉलिन या शब्दातील पहिला अवयव डांबराचा वाचक आहे. मराठी बोलणाऱ्याने मात्र त्या ध्वनीत ताडाचे पान ऐकले असे दिसते. पावसाळ्यात पानांच्या झापांनी वस्तू झाकण्याची सवय असलेल्या समाजात ही लोकव्युत्पत्ती स्वाभाविकच म्हटली पाहिजे.

४. आतला शत्रू : क्षार

पावसाचे पाणी हा बाहेरचा शत्रू झाला. बंदुकीला त्याहून घातक असा एक शत्रू तिच्या पोटातच निर्माण होतो. काळी दारू जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग धुराच्या व काजळीच्या रूपाने घन स्थितीत राहतो. त्यात पोटॅशियमची कर्बित, गंधकित आदी लवणे असतात. ही लवणे हवेतील ओलावा झपाट्याने शोषतात. म्हणून ठासणीच्या बंदुकीची नळी बार काढल्यावर त्याच दिवशी धुणे आवश्यक असते, आणि ती धुवावयाची ती पाण्याने. पाण्यापासून जपावयाचे शस्त्र पाण्यानेच धुवावे यात प्रथमदर्शनी विसंगती वाटते. परंतु लवण तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. कढत पाणी वापरले असता नळी तापते व उरलेले पाणी आपोआप उडून जाते. त्यानंतर गजाला फडके गुंडाळून नळी कोरडी करावी आणि मगच तेल द्यावे, हा क्रम होय.

हा क्रम उलटला तर काय होते, हे अमेरिकेच्या खाण विभागातील विल्बर्ट हफ यांच्या संशोधनाने १९१८ च्या सुमारास स्पष्ट झाले. त्या काळी धूररहित दारू प्रचारात आली होती, तरी बंदुका साफ करून तेल दिल्यावरही आतून गंजत. दोष दारूचा नसून काडतुसाच्या टोपीतील पोटॅशियम क्लोरेटचा होता. ते जळाल्यावर पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे साध्या मिठाचा सख्खा भाऊ, नळीत उरे. तेलाच्या थराखाली हे मीठ ओलावा ओढून घेई आणि वरून चकचकीत दिसणारी नळी आतल्या आत खाल्ली जाई. तेल कितीही उत्तम असले, तरी ते मिठावर दिलेले असेल तर व्यर्थ, हा त्यातील निष्कर्ष. क्लोरेट वगळून केलेल्या टोप्या पुढे १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून प्रचारात येऊ लागल्या.

विसाव्या शतकात धातूच्या पृष्ठालाच बदलण्याचे उपाय रूढ झाले. नळीला देतात ती निळसर-काळी झिलई म्हणजे लोखंडाच्याच काळ्या भस्माचा पातळ थर असून, त्याचे खरे काम तेल धरून ठेवणे हे आहे. फॉस्फेटचा खरबरीत थर याहून अधिक तेल धरतो. नळीच्या आतून क्रोमियमचा मुलामा दिल्यास लवणांचा परिणाम पुष्कळ कमी होतो. असे असूनही जुना धडा विसरला गेला की काय घडते, हे १९६६-६७ मध्ये व्हिएतनामात दिसून आले. अमेरिकी सैन्याला दिलेल्या नव्या एम-१६ रायफलींच्या कोठीला क्रोमचा मुलामा नव्हता, काडतुसातील दारूचा प्रकार बदललेला होता आणि सफाईचे साहित्य पुरेसे पोचले नव्हते. दमट हवेत कोठी गंजे, झडलेले काडतूस तिच्यात अडकून बसे आणि लढाईच्या ऐन मध्यावर सैनिक निःशस्त्र होई. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने १९६७ मध्ये याची चौकशी केली व कोठीला क्रोमचा मुलामा देण्यास सुरुवात झाली.

५. शब्दांचे तीन थर

आतापर्यंत आलेल्या शब्दांची उगमानुसार मांडणी केली, तर एक लक्षणीय गोष्ट आढळते. शस्त्रांची नावे बहुतेक बाहेरची आहेत : तोफ तुर्की, बंदूक अरबी, दारू फारसी, काडतूस व पिस्तूल पोर्तुगीज. हानीची नावे दरबारी भाषेतील आहेत : सरदी फारसी, ‘जाया’ हे वाया गेलेले या अर्थाच्या अरबी शब्दाचे रूप. उपायांची नावे मात्र घरची आहेत. तेल हे तिळापासून. मेण हे संस्कृत मदन, प्राकृत मयण या परंपरेतून. कान तर देहाचाच. फारसी शब्दांची रेलचेल असलेल्या कारभारी गद्यातही हे शब्द देशीच राहिले, कारण ते कारकुनाचे नव्हते. गाड्याला, नांगराला, दाराला, होडीला पावसापासून राखणाऱ्या माणसांचे ते होते. शब्दाच्या उगमावरून विद्येचा उगम निश्चित करता येत नाही, हे भान ठेवूनही असे म्हणता येईल की, परक्या शस्त्राला या भूमीचा पाऊस सोसण्यास शिकवणारे हात स्थानिक होते.

रक्षणाचे द्रव्य कोणते, हा प्रश्न केवळ रसायनाचा नसतो, हे १८५७ ने दाखवून दिले. एनफील्ड रायफलीच्या काडतुसाला लावलेले वंगण नळीतील काजळी मऊ ठेवण्यासाठी व गोळी सुलभ सरकावी म्हणून होते. त्यात मेणाबरोबर चरबी होती. त्या वर्षीच्या जानेवारीत डमडम येथे गाईच्या व डुकराच्या चरबीची वार्ता पसरली. शिपायांनी स्वतःच्या पसंतीचे वंगण वापरावे अशी मुभा पुढे देण्यात आली, परंतु विश्वास परतला नाही. तेल व मेण यांनी साधणारे काम चरबीवर सोपवताना काडतूस दातांनी तोडणाऱ्या माणसाचा विचार झाला नव्हता.

६. उपसंहार

आज आज्ञापत्रातील हे शब्द केवळ कोशकाराच्या उपयोगाचे राहिलेले नाहीत. महाराष्ट्रातील अनेक गडांवर व जलदुर्गांवर लोखंडी तोफा उघड्यावर आहेत. त्या हुडकून काढणारी, उचलून चौथऱ्यावर बसवणारी मंडळी कळकळीने काम करतात आणि अनेकदा गंज खरवडून वर तैलरंग देतात. समुद्राच्या वाऱ्यात वा मातीत शतके काढलेल्या लोखंडात क्लोराइडे खोलवर मुरलेली असतात. ती काढल्यावाचून दिलेला रंग म्हणजे हफ यांनी तपासलेला तेलाचा थरच होय. त्याच्याखाली गंज चालूच राहतो व काही वर्षांनी रंगासह धातूचे पापुद्रे निखळतात. संग्रहालयशास्त्रातील रीत अशी की, अशा वस्तूतील क्षार प्रथम अल्कलीच्या द्रावणात, आवश्यक तर विद्युत्-प्रवाहाच्या साहाय्याने, दीर्घकाळ काढून घ्यावे. मग ती पूर्ण सुकवावी. नंतर संरक्षक लेप व मेण द्यावे. तोंड किंचित खाली कलते ठेवावे, म्हणजे आत पाणी साचत नाही. आणि वर हवा खेळती राहील असे छप्पर करावे. क्षार काढण्याची पायरी सोडली, तर या यादीत मेण आहे, छिद्रांची काळजी आहे आणि आच्छादन आहे.

मराठीच्या ऐतिहासिक कोशात ‘कान’ या शब्दाखाली तोफेचे छिद्र एवढा अर्थ देऊन भागणार नाही. ते कोठे असते, त्यातून काय जाते, खिळ्याने काय होते आणि मेणाने काय राखले जाते, हे सांगितले तरच ती नोंद पूर्ण होईल. त्याचप्रमाणे ‘सरदी’, ‘उष्ण देणे’ व ‘जाया’ यांच्या नोंदी परस्परांशी जोडल्या पाहिजेत, कारण कारभारात ते शब्द एकाच कामाच्या तीन अवस्था दर्शवीत : धोका, उपचार आणि हानी. गडावर मेहनत करणारा कार्यकर्ता आणि वर्गात आज्ञापत्र वाचणारा विद्यार्थी या दोघांनाही अशा नोंदीचा उपयोग होईल. एकाला तोफ नीट राखता येईल, दुसऱ्याला वाक्य नीट लागेल.